सहलीच्या अल्बममधला उजेड



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी एक एकांकिका बसवली. पहाटे चारला घर सोडून शहराचे रस्ते झाडणाऱ्या एका आईची ती कथा. आईचे काम करणारी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिची स्वतःची आई सफाई कामगार. त्यामुळे खराटा कसा धरायचा, कंबरेत कुठे वाकायचे, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही. तालमीत तिचे काम पाहताना आमच्यासारख्या फायलीत मान घालून बसणाऱ्या कारकुनाचेही डोळे पाणावत.

प्रयोगाच्या दिवशी मात्र घात झाला. रंगभूषेला बोलावलेले गृहस्थ म्हणाले, "पोरगी काळी आहे, लाईटमध्ये दिसायची नाही." आणि त्यांनी तिच्या तोंडावर पांढुरका थर चढवला. लाईटवाल्याने समोरून होते-नव्हते तेवढे सोळाच्या सोळा दिवे पेटवले. पडदा उघडला आणि पहाटे चारच्या जागी भर दुपार झाली. त्या दुपारी पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखा एक चेहरा रंगमंचावर हिंडत होता.

मुलीची आई आमच्या शेजारी नवव्या रांगेत बसली होती. ड्यूटी करून, घाईघाईने साडी बदलून आली होती. पाच-सात मिनिटे तिने टक लावून पाहिले आणि हळूच विचारले, "भाऊ, ह्यात माझी कोणची?"

आम्ही बोट दाखवले. ती म्हणाली, "आवाजावरनं वाटलं मला. पण तोंड काय वळखू येईना."

वाचकहो, आईला पोटची मुलगी ओळखू येऊ नये, असा उजेड काय कामाचा? त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आम्ही नाटकातले जाणकार नाही. बी. कॉम. झालो, कचेरीत जमाखर्च लिहितो आणि उरलेल्या वेळात वस्तीची कामे पाहतो. तरीही ठरवले, की पुढच्या खेपेला ह्या एकांकिकेचे दिवे आपण बघायचे. आता शिकायचे कुठे? क्लासला घालायला पैसा नाही आणि रजाही शिल्लक नाही.

गुरू मिळाला तो घरातच, कपाटाच्या वरच्या फळीवर.

पावसाळा संपला की आमच्या सहचारिणी जुने अल्बम उन्हाला ठेवतात; नाहीतर त्यांना बुरशी धरते. आमच्याकडे दोन अल्बम आहेत आणि तिसरा मोबाईल. पहिला अल्बम १९९० नंतरच्या वर्षांतला, वडिलांच्या हौसेचा. ३६ फोटोंचा एक रोल, त्यातला एकही वाया जाऊ नये म्हणून "कुणी हलू नका" अशी सगळ्यांना तंबी. दुसरा आमच्या लग्नानंतरचा. अजिंठा, कार्ला, बोधगया, कुणाच्या लग्नानिमित्त झालेले कोकण, असे जे काही फिरणे झाले ते ह्यांत आहे. पाने उलटता उलटता आमचे लक्ष एका फोटोवर अडकले.

त्यात आमचे चुलते आहेत. त्यांना सगळे आप्पा म्हणत. सहलीच्या वाटेवरच्या एका शाळेच्या चुना मारलेल्या भिंतीपुढे सगळे कुटुंब उभे आहे. वेळ दुपारची. त्यात आप्पांचे फक्त दात दिसतात. हा फोटो धुऊन आला तेव्हा घरात हशा पिकला होता, "आप्पा, तुमचे दातच आले!" आप्पाही हसले. पण त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ते मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभे आहेत. हे आम्हांस इतक्या वर्षांनी, त्या दिवशी प्रथमच दिसले.

आप्पा काळे, म्हणून फोटोत आले नाहीत, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. खरी हकीकत वेगळी आहे. फोटोचे रंग बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचे छायाचित्र असे. त्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी याचा शोध घेतला. त्यांनी लिहिले आहे, की गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट याव्यात अशी जोरदार तक्रार केली ती लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी. काळ्या माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे झाले नाही, ते खुर्च्या-टेबलांसाठी आणि चॉकलेटसाठी होऊ लागले. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांचे कार्ड कोडॅकने काढले ते १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर आप्पांच्या नावाचे खातेच उघडलेले नव्हते.

परंतु सगळा दोष फिल्मवर टाकून आम्हांस मोकळे होता येईना. कारण त्याच रोलमध्ये आप्पांचा दुसरा फोटो निघाला. कार्ल्याच्या लेण्यांबाहेर, काळ्या कातळाला टेकून आप्पा बसले आहेत. चार-साडेचारचे ऊन एका बाजूने त्यांच्या अंगावर आले आहे. कपाळावरच्या आठ्या, गालफडांचे हाड, मिशीतला एकेक पांढरा केस स्पष्ट दिसतो आहे. डोळ्यांत चमक आहे. माणूस तोच, कॅमेरा तोच, रोल तोच. मग बदलले काय?

बदलल्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे पाठीमागचा रंग. चुन्याच्या भिंतीपुढे कॅमेरा त्या पांढऱ्याचाच हिशेब धरतो आणि चेहरा काळवंडतो. आपल्या डोळ्यांचेही तसेच आहे. चकचकीत पांढऱ्या पडद्यापुढे सावळा माणूस उभा केला की प्रेक्षकाला त्याचा आकारच तेवढा दिसतो. काळ्या कातळापुढे तोच चेहरा उजळून पुढे येतो. दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाची दिशा. सावळ्या कातडीवरून उजेड गोऱ्या कातडीइतका सगळीकडे पसरून परत येत नाही, पण कातडीची चकाकी तेवढीच असते. उजेड बाजूने, तिरका आला की ती चकाकी गालावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर उमटते आणि चेहऱ्याला घडण येते. समोरून कितीही दिवे मारले तरी ती येत नाही. वर पावडरीचा थर दिला तर उरलीसुरली चकाकीही मरते.

म्हणजे आमच्या रंगभूषाकाराने आणि लाईटवाल्याने मिळून, चांगल्याच हेतूने, त्या मुलीचा चेहरा पुसून टाकला होता. चेहरा उजेडाला जुळवण्याची त्यांची धडपड होती. उजेड चेहऱ्याला जुळवायला हवा होता.

ह्यानंतर आम्ही दोन्ही अल्बम घेऊन बसलो. मुलांनाही बोलावले. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारायचा: ऊन कुठून आले आहे? मुलांना त्याचा नादच लागला.

पहिला धडा आम्ही दुपारच्या फोटोंकडून घेतला. सहलीला गेलेली मंडळी जेवणाच्या सुट्टीत हमखास फोटो काढतात, आणि ते हमखास वाईट येतात. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तर मुंबईवर सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची सावली ओठांवर. डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसतात. फोटोसाठी हे वाईट. पण नाटकात एखाद्या माणसावर जुलूम होतो आहे, तो एकटा पडला आहे, असा प्रसंग असेल तर डोक्यावरचा हा एकच दिवा पानभर संवादांचे काम करतो.

मग चांगला चेहरा दिसतो तो कधी? त्याला एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीएवढी पडली की समजावे, सूर्य ४५ अंशांवर आहे. साधारण सकाळी साडेनऊ-दहाला आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास अशी वेळ येते. ऋतूप्रमाणे त्यात बराच फरक पडतो. आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रंगमंचाची प्रकाशयोजना शिकवणारे स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली ह्या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी नटावर दिवे टाकण्याची जी रीत सांगितली ती अशी, की दोन बाजूंनी दोन दिवे, दोन्ही साधारण ४५ अंशांच्या उंचीवरून. एक उबदार रंगाचा, दुसरा थंड रंगाचा. आजही जगभर ही रीत शिकवतात. ४५ अंश तर आम्ही आप्पांच्या फोटोत पाहिलेच होते. पण हे उबदार आणि थंड काय?

त्याचे उत्तर आमच्या सहचारिणींनी शोधले, बोधगयेच्या फोटोत. पांढऱ्या साड्या नेसलेल्या सात-आठ बाया रांगेने बसल्या आहेत. अर्ध्या उन्हात, अर्ध्या झाडाच्या सावलीत. सगळ्या साड्या एकाच गठ्ठ्यातल्या. पण नीट पाहिले तर उन्हातली साडी पिवळसर आणि सावलीतली निळसर दिसते. प्रत्यक्षात आपल्याला हे जाणवत नाही, कारण साडी पांढरी आहे हे मनाला ठाऊक असते. फोटो मात्र आहे तसे सांगतो. उन्हात सूर्याचा उजेड येतो. सावलीत सूर्य नसतो, तिथे उजेड देते ते निळे आकाश. सूर्याच्या उजेडातला निळा रंग हवेत जास्त विखुरतो म्हणून आकाश निळे. सकाळ-संध्याकाळी सूर्य तिरका असतो, त्याचा उजेड जास्त जाडीच्या हवेतून येतो, निळा वाटेत विखुरून जातो आणि तांबूस-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. तेव्हा एका बाजूने पिवळसर दिवा आणि दुसऱ्या बाजूने मंद निळसर दिवा, म्हणजे ऊन आणि सावली. मॅककँडलेसची उबदार-थंड ही जोडी आपण रोज अंगावर बाळगतो.

उजेडाच्या ह्या उबदारपणाचे मापही आहे. त्याला केल्विन म्हणतात. मेणबत्ती सुमारे १९०० केल्विन, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, रंगमंचावरचा हॅलोजन ३२००, भर दुपारचे ऊन ५५०० च्या जवळ आणि निरभ्र आकाशाखालची सावली ७००० च्याही वर. आकडा वाढला की उजेड निळा. आमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाला ही गोष्ट फार आवडली.

दुसरा मोठा धडा कार्ल्याचा. ते चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. आत खांबांच्या दोन रांगा, टोकाला स्तूप आणि दर्शनी भागात वर घोड्याच्या नालेसारखी एक भली मोठी खिडकी. उजेड येतो तो मुख्यतः त्या खिडकीतून. तो वरून, तिरका येऊन स्तूपावर पडतो. बाजूच्या खांबांमागे अंधार राहतो. आमचा आतला फोटो तसा हललेला आहे, तरी पाहणाऱ्याची नजर आपोआप स्तूपावरच जाते. जेम्स फर्ग्युसन नावाच्या अभ्यासकाने १८७६ सालच्या आपल्या ग्रंथात कार्ल्याच्या ह्या उजेडाची मोठी वाखाणणी केली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्या कारागिरांना ठाऊक होते, की एक गोष्ट दाखवायची तर बाकीच्या चार अंधारात ठेवाव्या लागतात. आमच्या गेल्या वर्षीच्या सोळा दिव्यांनी सगळेच दाखवले. खुर्ची दाखवली, पडद्याची ठिगळे दाखवली, विंगेतला चहाचा थर्मासही दाखवला. आई तेवढी दिसली नाही.

तिसरा धडा अजिंठ्याचा. तिथल्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यात तथागतांची मोठी मूर्ती आहे. वाटाडे बॅटरी घेऊन दाखवतात. एका बाजूने उजेड धरला की मुद्रा हसरी वाटते, दुसऱ्या बाजूने धरला की गंभीर, समोरून धरला की ध्यानस्थ. दगड हललेला नाही, हलला तो फक्त उजेड. आमच्या दुसऱ्या अल्बममध्ये ह्या मूर्तीचे दोन फोटो शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही निराळ्या मूर्तींचे वाटतात. दगडाचे हे होते, तर जिवंत माणसाच्या चेहऱ्याचे काय होत असेल? आमच्या लहानपणी तिथे पत्रा किंवा पांढरे कापड धरून बाहेरचे ऊन आत परतवून चित्रे दाखवीत. त्या उजेडात डोळ्यावर तिरीप येत नसे, सावलीला धार नसे. सूर्य आकाशात लहानशी टिकली एवढाच, म्हणून त्याची सावली धारदार. कापड मोठे, म्हणून त्यावरून परतलेला उजेड मऊ. ढगाळ दिवसाचेही तेच. ढग आला की सगळे आकाशच दिवा होते.

पांढऱ्या कापडाची ही युक्ती सिनेमावाल्यांनीही वापरली आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो' चित्रपटात बनारसच्या एका जुन्या घराचे अंगण आहे. ते अंगण खरे नव्हे. कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले. बनारसच्या अंगणात आकाशातून उतरणारा मऊ उजेड स्टुडिओत आणायचा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले, खालून दिवे त्या कापडावर सोडले आणि परतून आलेला उजेड घेतला. सावल्या नाहीशा झाल्या आणि अंगण खरे झाले. कापडाचे आकाश, पण ते सुचले खऱ्या आकाशाकडे पाहून.

रंगभूमीवरचे नाव घ्यायचे तर तापस सेन यांचे घ्यावे लागेल. कलकत्त्याला १९५९ साली उत्पल दत्त यांनी 'अंगार' हे कोळसा खाणीतल्या मजुरांवरचे नाटक केले. शेवटी खाणीत पाणी भरते आणि मजूर बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. तापस सेन यांनी दिव्यांनी पाणी चढवले आणि ते पाहायला लोकांनी गर्दी केली. पाण्यावर उजेड कसा हलतो, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले असेल त्यालाच असे सुचणार.

असो. आता आम्ही काय केले ते सांगतो.

तीच एकांकिका, तीच मुलगी, स्पर्धा मात्र दुसरी. सोळाच्या जागी सात दिवे भाड्याने घेतले. लाईटवाले भाऊ आधी रागावले. "साहेब, एवढ्यात काय दिसणार?" आम्ही त्यांना आप्पांचे दोन्ही फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या म्हाताऱ्याचा पण असाच फोटो आहे." त्यानंतर ते आमचेच झाले. पुढच्या निम्म्या युक्त्या त्यांच्याच हातच्या आहेत.

मागचा पांढरा पडदा काढून गडद निळा लावला. सुरुवातीला पहाट. आई रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहते. त्यासाठी मागून-वरून एक पिवळाजर्द दिवा, जुने सोडियमचे दिवे असत तसा. त्याने खांदे आणि केस तेवढे उजळले. पहाटेचे आकाश म्हणून एका विंगेत पांढरी चादर ताणली आणि निळे जिलेटिन लावलेला दिवा तिच्यावर सोडला. पहाटेच्या गाडीने जाताना मुलाने खिडकीतून मोबाईलवर काढलेला फोटो समोर ठेवून आम्ही तो निळा ठरवला. सूर्य उगवण्याआधी आकाश तेवढे उजळलेले असते, म्हणून सगळे निळे दिसते.

मग उजाडायचे. उजव्या विंगेत, जमेल तितक्या लांब, एक १००० वॅटचा हॅलोजन ठेवला. लांब का, तर दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. दिवा जवळ असला तर त्याच्या लगतचा नट भाजून निघतो आणि पलीकडचा अंधारात राहतो. खरा सूर्य इतका लांब आहे, की पुढच्याला नि मागच्याला सारखेच ऊन मिळते. सूर्य दाखवायचा तर दिवा लांबच हवा. डिमरवर तो हळूहळू चढवला. हॅलोजन मंद असताना तांबडा असतो आणि चढत जाताना पिवळा, मग पांढरट होतो. अगदी उगवत्या सूर्यासारखा. त्याला वेगळे रंगीत जिलेटिन लागले नाही.

हजेरी चौकीचा प्रवेश आला. मुकादम तिचा खाडा लावतो. तिथे बाकी सगळे दिवे उतरवून फक्त डोक्यावरचा एक ठेवला. तिच्या डोळ्यांच्या जागी खळगे झाले. ती काही बोलत नव्हती आणि प्रेक्षागृहात कुणी खोकतही नव्हते.

शेवटी घर. प्लायवूडमध्ये एक खिडकी कापली आणि पलीकडून एकच दिवा सोडला. आई जमिनीवर टेकते, अर्धा चेहरा खिडकीच्या उजेडात, अर्धा अंधारात. हे कार्ल्याचे देणे.

रंगभूषा? मुलीने तोंड धुतले आणि खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला. बस्स.

तिची आई ह्याही वेळी नवव्या रांगेतच बसली. पहाटेचा प्रवेश ती गप्प बघत होती. उजव्या बाजूने ऊन चढले, मुलीने खराटा टेकवून कपाळावरचा घाम पुसला आणि तिचा अख्खा चेहरा, आहे तसा सावळा, प्रेक्षकांसमोर आला. तेव्हा ती शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्याने म्हणाली, "ती बघा, माझी हाय ती!" पुढच्या रांगेतल्या चार जणांनी वळून पाहिले. तिला त्याचे काही नव्हते.

बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी सांगितले, की काही प्रवेशांत अंधार जास्त झाला. त्यांचे म्हणणे खरे आहे. हजेरीच्या प्रवेशात मागे उभ्या असलेल्या दोन मुलांचे चेहरे आम्ही घालवले. ती मुले आमच्यावर रुसली आहेत आणि त्यांचा रुसवा रास्त आहे. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी बाजूने एक मंद दिवा वाढवणार आहोत. हिशेबात चूक निघाली की ती लाल शाईने मांडावी, लपवू नये.

आता ज्या वस्त्यांतून मुले नाटके, जलसे, गॅदरिंग करतात, त्यांच्यासाठी थोडक्यात चार गोष्टी सांगतो. दिवे ठरवण्याआधी घरातला सहलीचा अल्बम काढा. प्रत्येक प्रवेशासाठी एक फोटो निवडा आणि त्यात ऊन कुठून, किती उंचावरून आणि कोणत्या रंगाचे आले आहे, ते कागदावर लिहा. मोबाईलचा फोटो असेल तर चेहरा गोरा करणारी सोय आधी बंद ठेवा. ती रंगभूषाकाराचीच धाकटी बहीण आहे. शिवाय मोबाईल सावल्याही आपल्या मनाने उजळतो, म्हणून फोटोबरोबर डोळ्यांनीही पाहून ठेवा.

हल्ली भाड्याने एलईडीचे दिवे मिळतात. ते तापत नाहीत, वीजही कमी खातात. पण नुसत्या लाल, हिरव्या, निळ्याचे मिश्रण करून पांढरा उजेड देणारा दिवा असेल तर सावळी कातडी राख फासल्यासारखी दिसू शकते. अंबर किंवा पिवळसर पांढरा रंग असलेला दिवा मागून घ्या. रंगीत तालमीत त्याच मुलाला, त्याच कपड्यांत उभे करून पाहा.

हॅलोजनवर पतंगाचा कागद किंवा घरातला प्लास्टिकचा कागद चिकटवू नका, पेट घेतो. उष्णता सोसणारे जिलेटिनच वापरा. चादर ताणाल तर ती दिव्यापासून लांब आणि पक्की बांधलेली हवी. १००० वॅटचा एक दिवा सव्वाचार ते साडेचार अँपिअर वीज ओढतो. १५ अँपिअरच्या एका पॉइंटवर तीनपेक्षा जास्त लावू नका. आणि वायरमन नसेल तर जोडणीला हात घालू नका. नाटक पुन्हा करता येते.

आप्पा आता हयात नाहीत. कार्ल्याचा तो फोटो आम्ही मोठा करून घेतला आणि बाहेरच्या खोलीत लावला. येणारा-जाणारा विचारतो, "कोण हे?" पूर्वी फोटो दाखवताना आम्ही म्हणत असू, "ते मागे दिसतायत ना, ते." आता तसे सांगावे लागत नाही.

तुमच्याही अल्बममध्ये असा कुणी मागच्या रांगेत उभा असेल. येत्या रविवारी अल्बम काढा, त्याला शोधा आणि तो फोटो किती वाजता, कुठल्या भिंतीपुढे काढला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.